केळी खाऊ घालून आईचं पोटॅशियम आम्हीच वाढवलं का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी नाशिकचा, इंदिरानगरला राहतो. आई ७२ वर्षांची. बीपीची गोळी (टेल्मिसार्टन) दहा-बारा वर्षं चालू आहे, साखर नाही. गेल्या आठवड्यात नेहमीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा आकडा) १.८ आणि पोटॅशियम ५.८ आलं, दोन्ही वाढलेले. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न टाकला, "आजी, केळी किती खाता?" आईनं चार बोटं दाखवली आणि वर "उपासाला हो, रोज नाही" असंही सांगितलं. रोज दोन असतात, ते गाळलं.

आता यामागची गोष्ट. आई सोमवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी धरते. पूर्वी साबुदाण्याची खिचडी नाहीतर भगर असायची. दोन वर्षांपूर्वी मी आणि बायकोनं मोबाइलवरचे व्हिडिओ बघून फर्मान काढलं की साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यात पोषण शून्य, बंद! त्याऐवजी केळी, शहाळं आणि उकडलेलं रताळं. गंगेवरच्या (आम्ही नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो) बुधवारच्या बाजारातून दोन-दोन डझन मी स्वतः उचलून आणतो. म्हणजे गुन्हा घडला असेल तर गुन्हेगार मीच.

डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, तो ठीक आहे. चार दिवसांनी परत रक्त द्यायचं आणि तोवर केळी बंद. बाहेर तीस पेशंट बसलेले, मग जास्त विचारता आलं नाही. घरी मात्र रण पेटलंय. बायको म्हणते, केळ्यानं कधी कुणाचं वाईट झालंय का? आत्या म्हणते, दुधात कालवून खाता, मग होणारच. मी स्वतः रोज दोन खातो आणि रविवारी सायकलवर त्र्यंबकला जाताना खिशात आणखी दोन. मग माझं काय? केळ्यानं शरीरात नक्की होतं तरी काय?

सडाफटिंग

आम्ही हॉस्टेलला चार वर्षं केळी-पाव खाऊन काढली. पोटॅशियम कुणी मोजलंच नाही, त्यामुळे वाढलंही नाही. (हलकेच घ्या.)

आईंना लवकर बरं वाटो.

पेडलपंडित

रविवारच्या त्र्यंबक राइडला बहुधा आपण एकमेकांना ओलांडून गेलेलो असू. तुमच्यापुरतं बोलतो. २०१२ मध्ये अमेरिकेत १४ सायकलपटूंना ७५ किलोमीटर चालवून बघितलं होतं, एकदा केळी खाऊन, एकदा स्पोर्ट्स ड्रिंक पिऊन. वेळेत फरक नव्हता. त्यामुळे रंगीत बाटलीचे पैसे वाचवा.

पण एक सांगतो. पोटरीत गोळा आला की लोक केळं पुढे करतात, त्यात फारसा दम नाही. खाल्लेल्या केळ्यातलं पोटॅशियम रक्तात यायला वेळ लागतो आणि येतं तेही थोडंच. तोवर गोळा आपोआप गेलेला असतो आणि श्रेय केळं घेऊन जातं. गोळा आला की उतरा आणि पाय ताणा.

मीठभाकर

मी आहारतज्ज्ञ आहे, बारा वर्षं डायलिसिस विभागात काम करते. आधीच सांगते, आईंचं पथ्य आणि गोळ्या त्यांचे डॉक्टरच ठरवतील. मी फक्त आत काय चालतं ते सांगते.

पोटॅशियम विष नाही. स्नायू आखडणं-सैलावणं, नसांचे निरोप, हृदयाचा ठोका, सगळं त्यावर चालतं. फक्त रक्तात ते साधारण ३.५ ते ५ या अरुंद पट्ट्यात राहावं लागतं. आपण खातो त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास किडनी लघवीवाटे बाहेर काढते. तुमच्या किडन्या धडधाकट असतील तर चार केळी खा, जादाचं पोटॅशियम निघून जाईल. उलट तुमच्यासारख्यांना ते हवंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम सांगते, आणि पोटॅशियम पुरेसं असलं की किडनी सोडियम जास्त बाहेर टाकते, बीपी थोडं उतरतं. तुमच्या रोजच्या दोन केळ्यांवर माझा काही आक्षेप नाही.

आईंचं गणित निराळं आहे. या वयात क्रिएटिनिन १.८ म्हणजे किडनी निम्म्याहून कमी कामावर आहे. त्यात टेल्मिसार्टन. अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक किडनीला "पोटॅशियम सोड" असं सांगत असतं. ही गोळी त्या साखळीलाच आवरते, त्यामुळे बीपी उतरतं पण पोटॅशियम थोडं अडतं. म्हणजे मोरीचं भोक आधीच बारीक झालेलं, गोळीनं त्यावर जाळी बसवली, आणि वरून तुम्ही नळ मोठा केलात. गोळी वाईट नाही हं, अनेकांच्या किडनीला ती सांभाळते. मनानं बंद करू नका!

आता नळाचं मोजमाप. मध्यम केळ्यात (सालीशिवाय १२० ग्रॅम धरा) साधारण ४२० मिलिग्रॅम. चार केळी म्हणजे १,७०० च्या घरात. एका शहाळ्याच्या पाण्यात पाचशेच्या वर. रताळं आणि बटाटा वजनाला वजन केळ्याच्या तोडीस तोड. माझ्याकडच्या ज्या पेशंटना पोटॅशियमचं पथ्य असतं, त्यांचा अख्ख्या दिवसाचा कोटा २,००० च्या आसपास असतो. आईंनी उपासाच्या दिवशी दुपारीच तो ओलांडला असणार.

आणि साबुदाणा! त्यात पोटॅशियम जवळजवळ नसतंच. "त्यात काहीच नाही" म्हणून तुम्ही ज्याला घराबाहेर काढलंत, ते काहीच नसणंच आईंच्या सोयीचं होतं.

दोन प्रश्न. घरात मीठ कोणतं वापरता? आई गुडघेदुखीची वगैरे गोळी घेतात का? स्वयंपाकघरात जाऊन पाकीट बघून सांगा, आठवणीवर नको.

सडाफटिंग

साबुदाण्याचा विजय असो. आमच्या आजीला हे वाचून दाखवतो.

गोदाकाठ

@मीठभाकर, आत्ता पाकीट हातात घेऊनच लिहितोय. "लो सोडियम" मीठ. आईच्या बीपीसाठी म्हणून मीच सुरू केलं, वर्ष झालं असेल. मागे बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय. चष्मा लावून दोनदा वाचलं. उपासाला तेवढं सैंधव असतं, बाकी सगळे दिवस हेच.

गोळीचं आईला विचारलं तर आधी "नाही गं बाई" म्हणाली. मग नातीनं देवघराच्या खणातून डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी काढून आणली. रामकुंडावर जाऊन आली की गुडघे धरतात, मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घेते. आम्हाला पत्ता नाही.

मीठभाकर

मग केळ्याला एकट्याला फाशी देऊ नका, टोळी सापडली!

या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. केळ्यातलं पोटॅशियम निदान चोथ्यासोबत, सावकाश येतं. मिठातलं प्रत्येक घासाबरोबर, रोज, तिन्ही त्रिकाळ. २०२५ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं अशा मिठाची शिफारस केली, पण सर्वसाधारण मोठ्या माणसांसाठी. किडनीचा त्रास असलेले, गरोदर बायका आणि मुलं त्यातून वगळलेली आहेत. बातम्यांत शिफारस आली, वगळलेले गळाले.

सैंधवही बीपीवर उतारा नव्हे. तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. साधं मीठ, मोजून, कमी.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, पोटॅशियमही अडवतात. हे डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, चार दिवस थांबू नका. अंगात फार अशक्तपणा वाटला, छातीत धडधडलं किंवा ठोका चुकल्यासारखा वाटला तर सरळ इमर्जन्सीत जायचं. पुष्कळदा पोटॅशियम वाढलं तरी काहीच जाणवत नाही, म्हणून जाणवण्याची वाट बघायची नसते.

फेरतपासणीचं एक कारण असंही असतं की रक्त घेताना किंवा नेताना नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वर जातो. एवढ्या गोष्टी जुळून आल्यावर आईंचा आकडा खोटा असेल असं मात्र मला वाटत नाही.

रानजाई

बाप रे. आमच्याकडे सासऱ्यांसाठी तेच मीठ आहे, त्यांच्या किडनीचं विचारून घेते. वाचनखूण साठवली.

माझा प्रश्न वेगळाय. मुलगा चार वर्षांचा. नाशिकच्या थंडीत केळं दिलं की सर्दी होते असं सगळे सांगतात. खरं का? पाळणाघरातल्या ताई तर डब्यात केळं दिसलं की परत पाठवतात.

वैद्यबुवा

आयुर्वेदात पिकलं केळं थंड, जड आणि कफ वाढवणारं मानलं आहे. अंगात आधीच कफ असताना, रात्री, थंडीत नको, एवढाच त्याचा अर्थ. धडधाकट मुलानं दुपारी खाल्लं तर मी कधी अडवत नाही.

शिकरणाचं म्हणाल तर चरकसंहितेत सूत्रस्थानात दुधाशी विरुद्ध फळांची यादी आहे, तिच्यात मोच आहे. मोच म्हणजे केळं. त्यामुळे आत्यांचं बोलणं अगदीच हवेतलं नाही.

मीठभाकर

वैद्यबुवांचा आदर ठेवून: सर्दी विषाणूनं होते, केळ्यातून येत नाही. पण काही मुलांना (मोठ्यांनाही) केळ्याची खरीच अ‍ॅलर्जी असते. खाल्ल्यावर तोंडात खाज, ओठ सुजणं, अंगावर गांधी, घरघर, असं काही दिसलं तर डॉक्टरांकडे. रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना केळं, किवी, अ‍ॅव्होकॅडो बाधण्याची शक्यता असते, कारण त्यांतली काही प्रथिनं एकमेकांसारखी आहेत. सर्दी झालीच आहे आणि केळ्यानंतर घसा चिकट वाटतो म्हणून दोन दिवस नाही दिलं, तर काही बिघडत नाही.

शिकरणानं किडनी बिघडत नाही. फक्त आईंसाठी दुधातलंही पोटॅशियम धरा, वाटीभर शिकरण म्हणजे दोन्हीकडून.

वैद्यबुवा

मी किडनी बिघडते म्हटलंच नव्हतं. असो. पुरणपोळीच्या दिवशी शिकरण मीही खातो.

जुनानाशिककर

भद्रकालीत जन्म, आता पंचवटी. वय ६८, साखर पंधरा वर्षं. डॉक्टर म्हणतात अर्धं खा, मुलगी म्हणते हात लावू नका, आणि शेजारचे एक निवृत्त मास्तर म्हणतात हिरवट केळं खा, त्यानं साखर वाढत नाही. तिघांपैकी कोणाचं ऐकू? ठिपकेवालं केळं मला प्राणापलीकडे प्रिय आहे.

खान्देशकन्या

काका, याचं उत्तर मी देते. माहेर रावेरचं, लहानपण केळीच्या बागेत आणि वखारीत गेलं. आता सिडकोत राहते आणि गंगेवर गेलं की फणीचा देठ बघूनच भाव करते.

कच्च्या केळ्याच्या गरात वजनाच्या वीसेक टक्के स्टार्च असतो. पिकताना त्याची साखर होते. पुरतं पिकलं की स्टार्च एक-दोन टक्के उरतो, बाकी सगळी गोडी. कच्चं खाल्लं तर त्यातला बराचसा स्टार्च लहान आतड्यात पचतच नाही, तो मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू त्यावर जेवतात. म्हणून साखर हळू चढते, पण पोट मात्र फुगतं! मास्तरांना विचारा, रात्री वारा सुटतो का.

पण वाटतं तसं एकूण पिठूळ-गोड काही नाहीसं होत नाही. हिरव्यात स्टार्च म्हणून असतं, पिवळ्यात साखर म्हणून. आणि शिजवलेल्या कच्च्या केळ्याची भाजी किंवा तळलेले वेफर म्हणजे हिरवं केळं खाल्ल्याचं पुण्य नव्हे, शिजवल्यावर तो स्टार्च पचायला सोपा होतो.

आता आमच्या केळ्याच्या वतीनं थोडी तक्रार. नाशकात सगळे म्हणतात "कार्बाइडची केळी आहेत". कार्बाइडवर देशात बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असू शकते. केळं स्वतःच इथिलीन वायू सोडून पिकतं. केळी पिकवायच्या चेंबरमध्ये तोच वायू बाहेरून देतात, आणि १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) द्यायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे. चेंबरचं केळं म्हणजे विषारी केळं, हे डोक्यातून काढा. बेकायदा कार्बाइड वापरणारे नसतीलच असं मी म्हणत नाही, पण नुसता रंग बघून ते ओळखता येतं असं सांगणारा ठोकून देतोय.

रंगाचीच गंमत सांगते. आता सगळीकडे असतं ते जी-९, ग्रँड नैन. पूर्वी बसराई असायची. जी-९ जातीचं केळं २४-२५ अंशांच्या वर पिकवलं की आतून मऊ होतं पण साल पिवळी होत नाही. म्हणून मे महिन्यात घरी पिकवलेलं हिरवंच राहतं आणि बायका ते कच्चं म्हणून ठेवून देतात, मग सडतं. उलट फ्रीजमध्ये १३ अंशांच्या खाली साल काळी पडते, गर चांगला असतो. थंडीनं बागेतही तसंच होतं, आमच्याकडे "चरका बसला" म्हणतात. काळी साल बघून टाकून देऊ नका.

जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, अवांतर असलं तरी लिहिणारच.

मीठभाकर

@खान्देशकन्या, सुरेख प्रतिसाद. काका, डॉक्टरांचं ऐका. पिकल्या केळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्यानं चढते त्याचा आकडा) पन्नासच्या आसपास आहे, म्हणजे पांढऱ्या पावापेक्षा बराच कमी. अडचण इंडेक्सची नाही, आकाराची आहे. एका मध्यम केळ्यात २७ ग्रॅम कर्बोदकं असतात, जवळपास दोन फुलक्यांएवढी. लहान किंवा अर्धं, सोबत चार बदाम किंवा दाणे, जेवणावर नाही तर मधल्या वेळी. तुमचं ग्लुकोमीटर आहे ना? खाल्ल्यानंतर दोन तासांनी बघा, मास्तरांपेक्षा ते खरं बोलेल. आणि लाडकं ठिपकेवालं खाताना मिल्कशेक करू नका, त्यात साखर घालणारा हात आपला नसतो.

जुनानाशिककर

बघितलं. अर्ध्यानं १६२, अख्ख्यानं १९८. अर्धं ठरलं. उरलेलं अर्धं मुलगी खाते, म्हणजे तिचंच फावलं.

रानजाई

जुलाबात केळं द्यायचं की नाही? आणि एका रीलमध्ये होतं की केळ्यात सेरोटोनिन असतं, उदास वाटलं की खावं.

मीठभाकर

जुलाबात आधी ओआरएस, मग केळं चालतं. ढाक्यात लांबलेल्या जुलाबांच्या मुलांवर शिजवलेल्या हिरव्या केळ्याचा अभ्यास झालाय, फायदा दिसला होता. उलट बद्धकोष्ठ असेल तर हिरवट नको, पुरतं पिकलेलं द्या आणि पाणी पाजा.

सेरोटोनिन असतं, पण खाल्लेलं सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोचत नाही. त्याचा उपयोग एवढाच की २४ तासांच्या लघवीची एक विशिष्ट तपासणी असते, तिच्याआधी केळी बंद ठेवायला सांगतात, नाहीतर रिपोर्ट उगाच वाढलेला येतो.

पेडलपंडित

केळं किरणोत्सर्गी असतं हे कुणी बोललं नाही अजून! (पोटॅशियमचा एक अगदी छोटा हिस्सा तसा असतोच, आपल्या अंगातलाही. काळजी नको.)

सडाफटिंग

आता विमानतळावर केळं घेऊन जायला भीती वाटणार.

गोदाकाठ

अपडेट देतो, उशीर झाला.

डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला. मीठ आणि दुखण्याची गोळी ऐकून पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "हे तेव्हाच सांगायला हवं होतं." आम्हाला माहीत असतं तर सांगितलं असतं, पण हे मी मनात म्हटलं. टेल्मिसार्टन तशीच ठेवली, मीठ बदललं, डायक्लोफेनॅक बंद, गुडघ्याला लावायचं दुसरं औषध दिलं आणि किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दहा दिवसांनी पोटॅशियम ४.९, क्रिएटिनिन १.६. क्रिएटिनिन आता इथेच कुठेतरी राहील म्हणतात, दर तीन महिन्यांनी बघायचं.

केळी पूर्ण बंद नाहीत, प्रसादाला फोड चालेल असं सांगितलंय. सफरचंद, पपई, द्राक्षं मोजून. निफाडची द्राक्षं वजनाला केळ्याच्या निम्म्या पोटॅशियमची आहेत, हे ऐकून आई म्हणाली, मग ती का नाही आणत? आता हंगाम नाही हे तिला पटत नाही.

बटाटा असेल तर साल काढून, पातळ काप करून, भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकून द्यायचं. भगर चालेल, पण सोबतची दाण्याची आमटी पातळ आणि वाटीभरच, शेंगदाण्यात पोटॅशियम भरपूर.

काल एकादशी होती. बायकोनं न बोलता साबुदाणा भिजवला. दाण्याचा कूट नेहमीच्या पावपट, बटाटा नाही, जिरं-मिरची जास्त. आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "कूट कमी पडलाय. पण पन्नास वर्षं मी हेच खात होते हो, तुम्हालाच शहाणपण सुचलं."

खान्देशकन्या

आईंना नमस्कार सांगा. आणि घरात उरलेल्या दीड डझनाचं काय केलंत?

गोदाकाठ

मी खातोय. आजचं तिसरं.